गेटसमोरच्या गाड्या: शेजाऱ्याशी वाद नेमका कशाचा?

कोपऱ्यावरचा बंगला यांचा प्रश्न:

नमस्कार. पुण्यात कोथरूडमधील एका जुन्या प्लॉटधारकांच्या सोसायटीत आमचा बंगला आहे. वडिलांनी तो १९७८ साली बांधला, तेव्हा आमच्या सहा मीटर रुंदीच्या गल्लीत मिळून एक फियाट आणि चार-पाच स्कूटरी होत्या. रस्त्यावर गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी बोलाचाली होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. तीन वर्षांपूर्वी समोरच्या बंगल्याचा पुनर्विकास झाला आणि तेथे चौदा सदनिकांची इमारत उभी राहिली. इमारतीला स्वतःचे पार्किंग आहे, तरीही रोज रात्री किमान सहा गाड्या गल्लीत उभ्या असतात आणि त्यांतील एक-दोन आमच्या गेटच्या अंगावर येतात.

'अंगावर येतात' असे मी जाणूनबुजून म्हणतो, कारण गेट पुरते अडवण्याचा उद्धटपणा सहसा कुणी करत नाही. गाडीचे नाक दीड-दोन फूट गेटच्या आड आलेले असते, किंवा गेटच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला, गाडी अशी लावलेली असते की आमची गाडी बाहेर काढून वळवताच येत नाही. गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेसहाला आईला डायलिसिससाठी न्यायचे होते. गाडी अर्धी गेटबाहेर काढली आणि तेथेच अडकलो. इमारतीच्या रखवालदाराने इंटरकॉमवरून दोनदा प्रयत्न केला, पण चौथ्या मजल्यावर कुणी उचलला नाही. शेवटी आईला काठीच्या आधाराने गल्लीच्या तोंडापर्यंत चालवत नेले आणि रिक्षा केली. संध्याकाळी त्या गृहस्थांना गाठले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गाडी तुमच्या गेटसमोर नव्हती, समोरच्या भिंतीला होती. आणि रस्ता काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही."

दुसरीही एक तक्रार आहे. गेटच्या डावीकडे आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत आमची दुसरी गाडी गेली बारा वर्षे उभी असते. आताशा ती घेऊन बाहेर पडावे, तर परत येईपर्यंत इमारतीतल्या कुणाचा तरी पाहुणा तेथे गाडी लावून मोकळा झालेला असतो. म्हणून मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरले, त्यांत पाइप रोवले आणि मधे साखळी लावली. परवा ती साखळी कुणीतरी कापली.

पोलिसांत तक्रार करता येईल का, गेटवर 'नो पार्किंग'ची पाटी लावली तर तिला काही अर्थ असतो का, आणि भिंतीलगतची जागा आमच्यासाठी राखून घेण्याची काही सोय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिवाणी बाजू यांचे उत्तर:

आपण दोन तक्रारी एका दमात मांडल्या आहेत. त्या वेगळ्या करणे भाग आहे, कारण पहिलीत आपली बाजू भक्कम आहे आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही. दोन्ही एकाच अर्जात लिहिल्या, तर समोरचा माणूस दुसरीवर बोट ठेवून पहिलीही हसण्यावारी नेईल.

ज्याची मिळकत सार्वजनिक रस्त्याला लागून आहे त्याला तिच्यातून रस्त्यावर येण्याचा आणि रस्त्यावरून आत जाण्याचा हक्क असतो. हा हक्क ये-जा करण्याचा आहे, जागेचा नाही. गेटपुढे कुणी अडथळा करू नये असे आपण म्हणू शकता. भिंतीपुढे कुणी थांबूच नये असे म्हणू शकत नाही. बारा वर्षे गाडी लावत असल्याचा उल्लेख आपण कोणत्या आशेने केला असावा ते कळते, पण बारा वर्षांच्या कब्जाची गोष्ट खासगी जमिनीची. रस्त्यावर गाडी उभी करणे हा कब्जा नसून रस्त्याचा वापर आहे, आणि तो जितका आपला तितकाच त्या पाहुण्याचा.

आता पहिल्या तक्रारीकडे वळू. मोटार वाहन चालवण्यासंबंधीचे जे विनियम २०१७ साली केंद्राने केले, त्यांत मिळकतीच्या प्रवेशद्वाराला अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास मनाई आहे. या मनाईसाठी पाटीची गरज नाही. जसे चौकाच्या वळणावर किंवा पादचारी पट्ट्यांवर गाडी लावू नये हे पाटीवाचून ठरलेले आहे, तसेच हे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७७ खाली महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा तसेच केल्यास १,५०० रुपये दंड आहे, आणि कलम १२७ खाली पोलिसांना अशी गाडी उचलूनही नेता येते. सार्वजनिक वाटेत अडथळा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली वेगळा गुन्हा आहे. त्याचा दंड आता ५,००० रुपयांपर्यंत आहे. जुन्या दंडविधानाच्या कलम २८३ मध्ये तो २०० रुपयांवरच अडकलेला होता.

मात्र अर्ज लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. आपली गल्ली महापालिकेच्या ताब्यात आहे की अजून सोसायटीच्याच नावावर आहे? प्लॉटधारकांच्या जुन्या सोसायट्यांत अंतर्गत रस्ते कित्येकदा महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झालेलेच नसतात. मोटार वाहन कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे जेथे जाण्यायेण्याचा जनतेला हक्क आहे अशी जागा. तेव्हा गल्ली दोन्ही टोकांनी खुली आणि रहदारीची असेल तर मालकी कुणाचीही असली तरी पोलिसांना हात घालता यावा. पण ती आतल्या आत संपणारी आणि सोसायटीच्या नावावरची असेल, तर चौकीवरचे पहिले उत्तर 'तुमचा अंतर्गत मामला आहे' असेच येईल. मंजूर रेखांकनाचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढा, म्हणजे कोणाच्या दारात जायचे ते ठरेल.

पाटीविषयी. स्वतःच्या गेटवर, हद्दीच्या आत, पाटी लावायला हरकत नाही, पण ती विनंती समजा. पाटीच्या आधारे दंड होतो तो वाहतूक शाखेने आदेश काढून लावलेल्या फलकावरच; गेट अडवण्याची वर सांगितलेली मनाई पाटीवाचूनही आहेच. सिमेंटचे डबे मात्र आजच उचला. साखळी कापणाऱ्याने गैर केले हे खरे, पण रस्त्यावर ती लावून अडथळा आपण केला होता, आणि महापालिकेचे अतिक्रमण खाते असे डबे पूर्वसूचनेवाचून उचलून नेऊ शकते. समोरच्याने त्याचा एक फोटो काढून ठेवला असेल, तर आपल्या अर्जाला उत्तर म्हणून तो एकच फोटो पुरेसा आहे.

नाव नको यांचे उत्तर:

अर्ज, नकाशे, कलमे यांत दोन वर्षे जातात. मी आमच्या गल्लीत तीन वेळा सांगून पाहिले आणि चौथ्या वेळी दोन चाकांची हवा सोडली. त्यानंतर ती गाडी आमच्या गेटसमोर पुन्हा दिसलेली नाही. एवढेच सांगायचे होते.

दिवाणी बाजू यांचे उत्तर:

आपले नशीब की समोरच्याकडे कॅमेरा नव्हता. दुसऱ्याच्या वस्तूची अशी खराबी करून नुकसान घडवणे याला कायद्यात आगळीक म्हणतात, आणि न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली त्याला कैदेचीही शिक्षा आहे. गेट अडवणाऱ्याला ५०० रुपयांची पावती आणि हवा सोडणाऱ्यावर फौजदारी, असा हा हिशेब आहे. प्रश्नकर्त्यांनी कृपया या वाटेला जाऊ नये. दर वेळी तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढावा, त्यात गाडीचा क्रमांक आणि आपले गेट एकाच चौकटीत यावे, आणि भांडणाचे चित्रीकरण करण्याच्या मोहात पडू नये.

निवृत्त स्थापत्य यांचे उत्तर:

कायद्याचे सांगून झाले आहे, म्हणून मी टेपचे सांगतो. चौतीस वर्षे रस्त्यांच्या कामावर काढल्यामुळे माझी अशी खात्री झाली आहे की गेटसमोरच्या निम्म्या भांडणांत दोन्ही पक्षांना आपली गल्ली किती रुंद आहे हे ठाऊकच नसते. आपण सहा मीटर म्हणता, ते नकाशावरचे. आमच्या गल्लीतही नकाशावर सहाच आहेत; मी मोजले तेव्हा ५.१ भरले. उरलेले ९० सेंटीमीटर दोन्ही बाजूंच्या बंगल्यांनी गटारावर टाकलेल्या फरश्या, गाडी चढवण्यासाठी केलेले सिमेंटचे उतार आणि कुंड्या यांनी खाल्ले होते. त्यांतला सर्वांत लांब उतार माझा निघाला. तो मी फोडून हद्दीच्या आत घेतला. बायकोने त्या पंधरवड्यात माझ्याशी जे बोलणे केले ते येथे लिहीत नाही.

आता भूमिती पाहा. लहान मोटारीची वळण्याची किमान त्रिज्या ४.८ ते ५ मीटर असते, आणि काटकोनात लावलेल्या गाड्या एका दमात बाहेर काढता याव्यात म्हणून पार्किंगच्या आराखड्यात समोर साधारण ६ मीटरची मोकळी वाट ठेवतात. आपल्या गेटसमोर पलीकडे १.७ मीटर रुंदीची गाडी उभी राहिली, तर सहाचे ४.३ उरतात. ते गृहस्थ 'तुमच्या गेटसमोर नव्हती' असे म्हणाले, त्यात खोटे काही नाही आणि आपण अडकलात तेही खरेच. समोरच्या कडेची गाडी अडथळा ठरते की नाही, हे पोलिसांनाही नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणून ते टाळाटाळ करतात.

वाट अरुंद असली की गेटची रुंदी कामी येते. जुन्या बंगल्यांची गेटे बहुधा तीन मीटरच्या आतली असतात, कारण ती फियाटच्या मापाने आणि मोकळ्या गल्लीसाठी केलेली. एका बाजूचा खांब काढून गेट चार मीटरपर्यंत नेले, तर गाडी तिरकी बाहेर काढता येते आणि समोरच्या गाडीचा जाच बराच कमी होतो. येथेच आणखी एक विचारतो: आपले गेट कोणत्या बाजूला उघडते? बाहेर उघडत असेल तर ते नियमाविरुद्ध आहे. कंपाउंडचे गेट पूर्णपणे हद्दीच्या आत उघडले पाहिजे असे विकास नियंत्रण नियमावली सांगते. बाहेर उघडणारी दोन पाने म्हणजे रस्त्याचा दीड मीटर आपणच अडवणे. आत जागा नसेल तर रुळावर सरकणारे गेट करून घ्यावे. जवळपासच्या कोणत्याही फॅब्रिकेटरला ते नेहमीचे काम आहे.

आणि एक प्रयोग करा. भल्या पहाटे, गल्लीत गाड्या असताना नव्हे, तर त्यांच्या मालकांना विनंती करून एखाद्या सकाळी त्या बाजूला काढायला लावून, आपली गाडी सावकाश बाहेर काढा. एकाने पुढच्या बंपरच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली खडूने रस्त्यावर रेघ ओढत जावे. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा. आपल्याला नेमकी किती जागा लागते ते त्या रेघेवरून कळते, आणि शब्दाने शब्द वाढत नाही. खडूच वापरा. रस्त्यावर स्वतः ऑइलपेंटने पट्टे मारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

चिटणीस, बी विंग यांचे उत्तर:

मी या वादाच्या पलीकडच्या बाजूला राहतो, म्हणजे अशाच एका पुनर्विकसित इमारतीत, आणि सध्या तेथील सोसायटीचा चिटणीस आहे. 'इमारतीला स्वतःचे पार्किंग आहे, तरीही' असे आपण लिहिले आहे. त्या 'तरीही'त काय असते ते सांगतो.

लहान भूखंडावर नियमाप्रमाणे गाड्यांची संख्या बसवायची, तर विकसक एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक पार्किंग देतात. नकाशावर संख्या बरोबर जुळते. प्रत्यक्षात आमच्याकडे वरची गाडी काढायची तर खालची आधी हलवावी लागते, म्हणजे सकाळी आठला खालच्या शेजाऱ्याला आंघोळीतून बोलवावे लागते. उंच गाड्या वरच्या तबकात मावत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात खालच्या खड्ड्यात पाणी भरले आणि मोटर जळाली. तिचा खर्च सगळ्यांनी द्यायचा की फक्त वापरणाऱ्यांनी, यावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या. देखभालीचा करार मधल्या काळात संपला. वीज गेल्यावर वरच अडकून पडलेली गाडी ज्याने एकदा अनुभवली, तो माणूस पुढे रस्त्यावरच लावतो. हे समर्थन नव्हे. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी फोन उचलायला हवा होता.

आपण त्या एका माणसाशी भांडू नका, त्यांच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला पत्र द्या आणि पोच घ्या. एकट्यादुकट्याला लिहिले की ते वैयक्तिक होते. कार्यकारिणीला लिहिले की विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतो. पत्रात एकच ठोस मागणी ठेवा: गल्लीत राहणाऱ्या प्रत्येक गाडीचा क्रमांक, सदनिका आणि दोन मोबाइल क्रमांक यांची यादी रखवालदाराच्या टेबलावर असावी. आमच्याकडे ही यादी लावल्यापासून रात्रीची भांडणे निम्म्याहून खाली आली आहेत.

दाद मिळाली नाही, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे माहितीच्या अधिकारात त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. किती गाड्यांची सोय दाखवून परवानगी घेतली ते त्यात दिसेल. यंत्रणा बंद ठेवून गाड्या रस्त्यावर लावल्या जात असतील, तर तो आपल्या दोघांतला वाद राहत नाही. विकसकाने कुणाला पार्किंग 'विकले' असेल, तर तेही उघडे पडेल. स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उचललेल्या इमारतीच्या तळाची मोकळी जागा सदनिकेसारखी सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजीच सांगितले आहे. आमच्याकडे ज्यांनी पैसे मोजले होते ते अजूनही तो निकाल वाचायला तयार नाहीत.

लेस्टरकर यांचे उत्तर:

इंग्लंडमध्ये पंधरा वर्षे राहतो आहे. येथेही घरासमोरच्या रस्त्यावर घरमालकाचा हक्क नाही, आणि त्यावरून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण येथेही होते. फरक इतकाच की गाडी आत नेण्यासाठी पदपथाची कड उतरती करून घ्यायला स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, आणि एकदा ती कड उतरती झाली की तिच्यासमोरचा तेवढाच तुकडा मोकळा ठेवावा लागतो. कुणी अडवला तर आपण फोन करायचा आणि कौन्सिलचा माणूस येऊन दंडाची नोटीस लावतो. आपल्या संमतीने पाहुणा तेथे थांबला असेल तर त्याला दंड नाही, म्हणून कौन्सिल आपणहून येत नाही, घरमालकाने कळवावे लागते. उतरत्या कडेसमोर रंगवलेला जो पांढरा पट्टा दिसतो तो मात्र नुसती सूचना असतो. आमच्या शेजाऱ्याने तो पैसे भरून रंगवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर माझीच गाडी होती. त्या संध्याकाळी मी केक घेऊन गेलो.

कोपऱ्यावरचा बंगला यांचे उत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

डबे त्याच रात्री उचलले. सिमेंटने भरलेला एक डबा गच्चीच्या जिन्याखाली नेताना कळले की मी तो रस्त्यावर ठेवला कसा होता. गेट बाहेरच उघडते, निवृत्त स्थापत्य यांचा अंदाज बरोबर ठरला. गल्ली टेपने मोजली तर आमच्या गेटसमोर ५.४ मीटर भरली. रेखांकनाच्या नकाशावरून रस्ता १९९१ सालीच महापालिकेकडे गेलेला दिसतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

खडूचा प्रयोग रविवारी सकाळी सहाला केला. भाचा खडू घेऊन बंपरजवळ वाकून चालत होता. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ दूध आणायला खाली उतरले होते. पिशवी हातात घेऊन ते पाहत उभे राहिले आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच खडू मागितला. उजवीकडे वळताना त्यांच्या गाडीची मागची दोन फूट रेघेच्या आत येते, हे त्यांनीच दाखवले. डावीकडे वळताना मात्र रेघ माझ्या दुसऱ्या गाडीच्या मधोमध गेली. ज्या जागेसाठी मी साखळी लावली होती ती गाडीच माझी अर्धी वाट अडवत होती, आणि बारा वर्षांत माझ्या ते लक्षात आले नव्हते, कारण आम्ही सवयीने उजवीकडेच वळत होतो. ती गाडी आता आठ फूट मागे, शेजारच्या भिंतीच्या टोकाला लावतो. तेथे रोज जागा मिळतेच असे नाही.

त्यांच्या कार्यकारिणीला पत्र दिले असून पोच मिळाली आहे. यादी रखवालदाराकडे लागली, पण चौदापैकी नऊच सदनिकांनी क्रमांक दिले आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून ठेवला आहे, अजून टाकलेला नाही. सरकत्या गेटचे काम पुढच्या महिन्यात सुरू होईल. आईचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असते, हे त्या गृहस्थांना सांगितल्यापासून ते आदल्या रात्री गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतात. गेल्या शनिवारी विसरले होते, पण पहिल्याच फोनला उचलून लुंगीवरच खाली आले.